महागडा राऊटर आणि गोदाकाकूंचं बटन

फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. टेलिफोन खात्यात लाइनमन होतो तेव्हाही यायचा, आणि आता परभणीत घरोघर इंटरनेटची जोडणी देतो तरी येतो. मला खुशाली विचारायला कोणी फोन करत नाही. "मुंजाभाऊ, नेट गेलं!" एवढंच पलीकडून येतं, तेही अशा आवाजात की घरातलं माणूसच गेलं असावं. मी तोवर चपला शोधायला लागलेलो असतो. शोभा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "अवो, आधी तोंडातला घास तरी गिळा." घास गिळतो, पण तो खाली उतरत नाही. साठी आली, स्वभाव काही गेला नाही.

त्यातही एका प्रश्नाची मला जास्त धास्ती आहे. "भाऊ, महागातला राऊटर घेऊ का?" हो म्हणावं, अन् आठ हजार घालून काडीचा फरक पडला नाही, तर तो माणूस बाजारात दिसला की मी गल्ली बदलतो. नको म्हणावं, तर पुढं त्याच्या घरात काहीही बिघडलं की "तुमीच नको म्हनले होते" हे ऐकायचं. इतकी वर्षं हा धंदा करतो, पण या प्रश्नाला मी एका झटक्यात सरळ उत्तर क्वचितच दिलंय.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खांबावरून, गल्लीतल्या डब्यातून तुमच्या घरात येते ती लाइन. राऊटर म्हणजे घरातला शिंगं असलेला खोका, तो ती लाइन हवेतून खोल्याखोल्यांत पोचवतो. राऊटर काही पैदा करत नाही, आलेलं वाटतो फक्त. म्हणून मी मोबाइल घेऊन आधी राऊटरला चिकटून उभा राहतो, मग मागच्या खोलीत जातो. जवळ चांगलं आणि लांब रडतंय, तर राऊटर बदला किंवा त्याची जागा बदला. जवळच रडतंय, तर दोष लाइनचा, म्हणजे माझा. तिथं सोन्याचा राऊटर आणला तरी उपयोग नाही. एवढं साधं आहे. पण घाबरलेल्या माणसाला साधं उत्तर पटत नाही, आणि घाबरलेल्या मेकॅनिकला ते देता येत नाही.

पेडगावला एका मोठ्या शेतकऱ्याकडं गेलो होतो. धाब्याचं घर, दीड-दीड हात रुंद मातीच्या भिंती. पोरानं पुण्याहून चार शिंगांचा महागडा राऊटर पाठवलेला, तरी ओसरीत नेट येईना. आत जाऊन बघतो तर राऊटर मधल्या घरात, ज्वारीनं गच्च भरलेल्या दोन पत्र्याच्या कोठ्यांच्या मागं, फळीवर. पत्र्यातून आणि धान्यातून ते बिचारं नेट जाणार कुठून? मी म्हणालो, कोठ्या हलवा. ते म्हणाले, "मुंजाभाऊ, कोठ्या आमच्या आज्यापासून तिथंच हायत. त्या न्हाई हलायच्या." मग राऊटर हलवला, ओसरीच्या दारावर खिळा ठोकून टांगला. नेट धो धो आलं. "अन् मंग हे काम बाराशेच्या खोक्यानं बी झालं असतं का?" त्यांनी विचारलं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

एक निवृत्त बाबू होते. राऊटरवर विणलेला रुमाल घालायचे आणि रोज दुपारी दोन तास बंद ठेवायचे. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मशीनला बी आराम लागतो की." त्यांची तक्रार होती की दुपारी नेट येत नाही. उलटं एका डॉक्टरच्या तीनमजली घरात महागडाच लागला. दहा-बारा मोबाइल, कॅमेरे, टीव्ही, सगळं एकदम चालू. तिथं मी बेधडक घ्या म्हणालो आणि रात्री शांत झोपलो. अशी घरं थोडी.

आता प्रज्ञाचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच लिहायला बसलोय.

प्रज्ञा ही आमच्या भागातल्या खंदारे गुरुजींची एकुलती एक लेक. गुरुजींची बायको आधीच वारलेली. मग गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. प्रज्ञा पुण्यात एका कंपनीत होती. विमा काढलेल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि कॉम्प्युटरवर निकाली काढायच्या, असं काम. वडिलांसाठी तिनं घरून काम करायची परवानगी मागितली आणि कंपनीनं दिली. सकाळी नऊ ते सहा कानाला हेडफोन, मधल्या सुट्टीत गुरुजींना उठवायचं, धुवायचं, भरवायचं.

दिवाळीनंतर कधीतरी ती दुकानात आली. बस म्हणालो तरी बसेना.

"काका, बोलता बोलता बंद पडायलंय. आठ-दहा दिवसांतून एकदा, पण अर्धा अर्धा तास. समोरचा माणूस हॅलो हॅलो करतो अन् मी इकडं गप. कंपनीनं पत्र दिलंय. नेट नीट झालं नाही तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा म्हणतेत."

"मोबाइलचं नेट लावून बघितलं का?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरला ते चालत नाही. घरच्या लाइनचंच लागतं, त्यांचा नियम हाय." मग एकदम तिचा आवाज फुटला. "काका, मी गेल्यावर बाबांना उठवून कोण बसवील? तुमी महागातला राऊटर द्या. काय लागतील ते लागू द्या."

मी घरी जाऊन बघितलं. राऊटर काचेच्या कपाटात, बुद्धमूर्तीच्या शेजारी. तिचं टेबल आठ फुटांवर. जवळ नेट चांगलं, टेबलापाशी चांगलं. माझ्याच नियमानं महागड्याची काही गरज नव्हती. एकच प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला: बंद पडतं तेव्हा खोक्यावरचा दिवा हिरवा असतो का लाल? लाल म्हणजे लाइन बाहेरच तुटलेली. ती म्हणाली, "काका, तेव्हा दिवा बघायचं भान कुठं राहतंय?" आणि मी तिथंच थांबलो. पुढच्या वेळी बघून सांग, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पुढची वेळ आली तर तिची नोकरी जाणार होती.

खरं सांगतो, मी भिऊन विकला. स्वस्तातला राहू दिला आणि परत बंद पडलं तर खापर माझ्या डोक्यावर. महागडा बसवला म्हणजे मी माझ्याकडून सगळं केलं. आठ हजारांत तिनं राऊटर घेतला आणि मी स्वतःचं समाधान घेतलं. पलंगावरून गुरुजी बघत होते. ते पैसे त्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी ठेवलेले, हे मला तेव्हाच कळलं. अर्ध्या तोंडानं, एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "खुर्ची... मागून. आधी... नोकरी."

नवव्या दिवशी परत बंद पडलं.

त्या दिवसापासून माझं जेवण सुटलं. वायर बदलली, सांधे बदलले, राऊटरचा ॲडॅप्टर बदलला. तिचा फोन आल्यावर मी धावत पोचेपर्यंत सगळं सुरू झालेलं असायचं. दिवा हिरवा, नेट धडधाकट, मी येडा. शेजारीपाजारी विचारावं तर म्हणायचे, आमचं तर चालू हाय. पुन्हा आठ-नऊ दिवस गेले की तेच. शोभा म्हणाली, "कुनाची नजर लागली का काय त्या पोरीला?" मी तिच्यावर खेकसलो. तिचा काही दोष नव्हता.

शेवटी कंपनीनं कळवलं: गुरुवारी सकाळी अकरा ते बारा, पुण्याच्या वरच्या मॅडम व्हिडिओवर बोलणार. प्रज्ञाला घरून ठेवायचं का नाही, ते त्या एका तासात ठरणार. प्रज्ञा मला म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमी घरी येऊन बसा. मला तेव्हा भान राहत नाही, तुमी फक्त दिव्याकडं बघत बसा."

मी पावणेअकरालाच जाऊन स्टुलावर बसलो. प्रज्ञानं चहा दिला, त्यावर साय धरली, मला हात लावायचं सुचलं नाही. आतल्या खोलीतून प्रज्ञाचा आवाज येत होता, हळू, घासून पुसून बोललेलं इंग्रजी. गुरुजी पलंगावरून कधी दाराकडं, कधी माझ्याकडं बघत होते. आम्ही दोघं म्हातारे त्या हिरव्या दिव्याकडं असे बघत होतो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो लाल झाला.

मी उठलो आणि तसाच अनवाणी पळालो.

बाहेर सगळी गल्ली जागी झालेली. घरोघर मोटारींचा घुर्रर आवाज, रस्त्याला आडवे पाइप, बायका घागरी घेऊन पळापळ करायलेल्या. नळ आले होते. येलदरी धरणाचं पाणी आमच्याकडं आठव्या-दहाव्या दिवशी येतं, तेही तासभर. मला त्याचं भान नव्हतं, कारण आमच्या घरी पाणी शोभा भरते, मी दुकानात असतो. मी पाइप ओलांडत गल्लीच्या कोपऱ्यावर गोदाकाकूंच्या घराकडं गेलो. माझा डबा तिथं होता.

या डब्याचं सांगायला हवं. गल्लीतल्या चौदा घरांना त्यातून लाइन जाते आणि त्याला चोवीस तास वीज लागते. खरं तर त्याला स्वतःचं मीटर आणि बॅटरी पाहिजे. पण आमच्या धंद्यात बहुतेक जण कोणाच्या तरी ओसरीतल्या बटनावरून, म्हणजे पिन खोचायच्या जागेवरून, वीज घेतात आणि त्या घराला नेट फुकट देतात. गोदाकाकू एकट्या राहतात, सत्तरीच्या. त्यांना नेट कशाला हवं, तर हैदराबादला असलेल्या नातवाचं तोंड बघायला. असा आमचा सौदा.

ओसरीत गेलो. माझ्या डब्याची पिन बटनातून काढून खिळ्याला नीट अडकवलेली होती आणि त्या जागी मोटारीची पिन. मोटार चालू. काकू टाकीत पाइप धरून उभ्या.

"काकू! हे काय केलं?" मी ओरडलो.

"का म्हून वरडायलाव? नळ आलेत न्हवं का. मोटारीला दुसरं बटन हाय का माझ्याकडं? आतलं फ्रीजचं, त्याला मोटार सोसत न्हाई." काकू काही घाबरल्या नाहीत. "टाकी भरली की परत लावून देते की तुमचं. पदरानं पुसून लावते. रोज थोडीच काढते?"

"किती दिवसांपासून?"

"पहिल्यापासून. आधी पहाटं नळ यायचे. दिवाळीनंतर आपल्या भागाची पाळी बदलली, आता अकराला यायलेत."

मी ओसरीच्या पायरीवरच बसलो. पहाटे नेट गेलेलं कोणाला कळणार? आणि आता अकराला जातं तेव्हा सगळी गल्ली पाणी भरत असते. बाकीच्या तेराही घरांत त्या वेळेला मोबाइल चुलीपाशी पडलेला. फक्त एक पोरगी कानाला हेडफोन लावून बसलेली. तिच्या घरी पाणी नंतर टँकरवाला देतो, तिला नळाकडं बघायला सवड नाही. मी वायरी बदलल्या, ॲडॅप्टर बदलला, आठ हजारांचा राऊटर तिच्या गळ्यात मारला. दोष माझ्या डब्याचा होता आणि डबा मीच बसवला होता.

मोटार बंद केली, डब्याची पिन लावली. डबा सावरायला चार-पाच मिनिटं घेतो. एका बटनावर दोन्ही चालवावं म्हटलं तर मोटार सुरू होताना व्होल्टेज बसतं आणि डबा पुन्हा आडवा होतो. ती चार मिनिटं मी दिवे मोजत उभा होतो, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन.

"काका, मॅडम साध्या फोनवर हायत, तुमालाबी त्यातच जोडलंय. विचारतेत, नेमकं काय झालं ते तुमीच सांगा."

'तांत्रिक बिघाड' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. आमच्या धंद्यात त्या दोन शब्दांवर जन्म निघतो. आणि खरं सांगावं, तर ज्या मोठ्या कंपनीकडून मी लाइन घेतो तिचा नियम मी मोडलेला. शिवाय अशा कंपन्यांत फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं, हे प्रज्ञानंच मला सांगितलं होतं. पलीकडं मॅडम वाट बघत होत्या. प्रज्ञा गप्प.

"मॅडम," मी म्हणालो, "पोरीचा काही दोष नाही. चूक माझी. गल्लीतल्या डब्याला मी शेजारच्या घरातून वीज घेतली. नळ आले की त्या बाई मोटारीसाठी पिन काढतात. त्यांचा बी दोष नाही. बटन त्यांचंच आहे."

मग मॅडम म्हणाल्या, "नळ आले की म्हणजे? तुमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही?"

"नाही मॅडम. आठ-दहा दिवसांनी."

"बरं. मी मीटिंग परत सुरू करते. बारा वाजेपर्यंत एकदाही कट नको. त्यावर बघू."

पुढचं इथंच सांगून मोकळा होतो. त्याच आठवड्यात डब्याला बॅटरी बसवली. महागडा राऊटर परत घेतला, आठ हजार परत दिले, प्रज्ञाकडं जुनाच लावला, तो उत्तम चालतो. गुरुजींची खुर्ची आली. मोठ्या कंपनीची दोन माणसं येऊन माझ्या सगळ्या डब्यांचे फोटो काढून गेली. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. मला नोटीस आहे, निकाल यायचाय. फोन वाजला की गोळा येतो म्हणालो ना, आता जरा मोठा येतो. कधी पस्तावतो, 'तांत्रिक बिघाड' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं. मग प्रज्ञा त्या दोन क्षणांत कशी गप्प होती ते आठवतं आणि पस्तावा जातो.

तर त्या गुरुवारी. साडेअकरा वाजत आलेले. डब्याचे सगळे दिवे हिरवे. आणि माझ्या समोर गोदाकाकू, हातात कोरडा पाइप, टाकीत जेमतेम वीतभर पाणी. नळ बाराला जाणार, मग आठ-दहा दिवस नाही. त्यांचं बटन, त्यांचं पाणी, आणि मी परका माणूस पिनेवर हात ठेवून उभा.

"काकू, खंदारे गुरुजींच्या प्रज्ञाची नोकरी..." मी सुरुवात केली.

"आइकलं मी. भैरी न्हाई." त्यांनी पाइप खाली ठेवला. "किती वेळ लागतंय तिला?"

"बारापर्यंत."

काकूंनी नळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मंग ऱ्हाऊ द्या तुमचं लावलेलं," म्हणाल्या आणि पदर खोचून हंडा घेतला.

आमच्याकडं नळ जमिनीखाली खड्ड्यात असतो. मोटारीशिवाय त्याला करंगळीएवढी धार, आणि शेजारच्या मोटारींनी तीही ओढून नेलेली. काकू खड्ड्यात वाकून तांब्यानं हंडा भरायला लागल्या. मी म्हणालो, मी भरतो. म्हणाल्या, "तुमी तिथंच उबे ऱ्हा. दुसरं कुनी येऊन काढंल." खरंच, मी हललो नाही. अर्धा तास पिनेवर हात ठेवून उभा होतो आणि एक सत्तरीची बाई माझ्या चुकीपायी तांब्या तांब्यानं पाणी भरत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाराला पाच कमी असताना नळानं सूं केलं आणि पाणी गेलं. काकूंचा दुसरा हंडा अर्धाच राहिला.

सव्वाबाराला गुरुजींचं दार उघडलं. प्रज्ञा पळतच आली, हेडफोन गळ्यात तसाच.

"काका, झालं! घरूनच करा म्हणाल्या!" ती हसत होती आणि रडत होती. मग तिनं काकूंची ओली साडी बघितली, कोरडा पाइप बघितला, बटनात माझ्या डब्याची पिन बघितली. तिचं हसू थांबलं. "काकू, माझ्यापायी तुमची मोटार... टाकी भरली ना पण?"

"भरली की गं, लेकरा," काकू म्हणाल्या. "काठोकाठ."

आणि प्रज्ञा टाकीजवळ यायच्या आत त्यांनी झाकण लावून टाकलं.